न्यूयॉर्क कॉसमॉस: जेतेपदं, गुणतक्ते आणि २१२ गुणांचा हिशेब

नोंदवही

न्यूयॉर्क कॉसमॉस या फुटबॉल क्लबचा विषय निघाला की गाडी पेलेपासून सुटते आणि पेलेपाशीच थांबते. क्लबची मैदानावरची कामगिरी फार कमी जण वाचतात. जे वाचतात तेही आजच्या सवयीने, विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण धरून. मग १९७८चा तक्ता उघडला की ३० सामन्यांत २१२ गुण दिसतात आणि छपाईची चूक असावी असं वाटतं. ती चूक नाही. हा धागा त्यासाठीच काढला आहे. आधी मूळ क्लब, म्हणजे १९७१ ते १९८४, घेऊ.

क्लब १९७१च्या हंगामात उत्तर अमेरिकन सॉकर लीगमध्ये उतरला. मागे पैसा होता पुढे वॉर्नर कम्युनिकेशन्स झालेल्या कंपनीचे स्टीव्ह रॉस आणि अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेत व नेसुही एर्टेगन या मंडळींचा. व्यवस्थापक क्लाइव्ह टॉय यांनी नाव शोधलं. शहरातल्या बेसबॉल संघाचं 'मेट्स' हे मेट्रोपॉलिटन्सचं लघुरूप, तसं हे कॉस्मोपॉलिटन्सचं. पहिला खेळाडू आणि पहिला प्रशिक्षक एकच, गॉर्डन ब्रॅडली.

मैदानं लक्षात ठेवा, नाहीतर प्रेक्षकसंख्येचे आकडे कळणार नाहीत. १९७१ यांकी स्टेडियम. १९७२ आणि ७३ लाँग आयलंडवरचं हॉफस्ट्रा. १९७४ आणि ७५ रँडल्स आयलंडवरचं डाउनिंग स्टेडियम. १९७६ पुन्हा यांकी. १९७७पासून शेवटपर्यंत न्यू जर्सीतलं जायंट्स स्टेडियम. तिथे गेल्यावर नावातून 'न्यूयॉर्क' गळलं आणि काही वर्षं तक्त्यात नुसतं 'कॉसमॉस' आलं. दोन वेगळे क्लब समजून बेरीज चुकवणारे बरेच आहेत.

जेतेपदं पाच: १९७२, १९७७, १९७८, १९८०, १९८२. अंतिम सामन्यात एकच हार, १९८१.

आता गुण. सुरुवातीच्या वर्षांत विजयाला ६, बरोबरीला ३, आणि शिवाय प्रत्येक गोलला १ बोनस गुण, पण एका सामन्यात जास्तीत जास्त ३. बोनस हरणाऱ्यालाही मिळे. म्हणजे १-० जिंकलात तर ७, ३-० जिंकलात तर ९, ६-० जिंकलात तरी ९च, आणि ३-४ हरलात तरी ३ गुण घेऊन घरी.

१९७२ घ्या. १४ सामने, ७ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव. ४२ अधिक १२ म्हणजे ५४. तक्त्यात ७७ आहेत, म्हणजे बोनस २३. संघाचे गोल २८, तेव्हा ५ गोल गुणांच्या दृष्टीने फुकट गेले.

१९७८ला २४ विजय, ६ पराभव. २४ × ६ = १४४. २१२ मधून १४४ वजा केले की ६८ बोनस. गोल ८८. म्हणजे २० गोलांचा एकही गुण मिळाला नाही. याच हंगामात व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सही २४-६ होते, पण गोल ६८ आणि बोनस ५५, म्हणून १९९ गुण. जय-पराजय तंतोतंत सारखे आणि गुणांत १३चा फरक. कॉसमॉसची आघाडीची फळी काय होती ते या १३ गुणांत दिसतं.

हा उलटा हिशेब १९७७ ते १९८० या चार वर्षांना बिनधास्त लावा. १९७७: १५ विजय, ९० अधिक ५०, एकूण १४०. १९८०: २४ विजय, १४४ अधिक ६९, एकूण २१३. १९८१पासून शूटआउटच्या विजयाला ६ऐवजी ४ गुण झाले, त्यामुळे सरसकट ६ने गुणलं तर बोनस कमी निघतो. १९७४ ते ७६ला तर हा हिशेब लावूच नका, तेव्हा बरोबरीत अडलेल्या सामन्यांचे निकाल पेनल्टीवर लागायचे आणि त्यांचे गुण वेगळे होते.

मधली फळी

उत्तम धागा. शूटआउटबद्दल भर घालतो, कारण 'पेनल्टी शूटआउट' समजून वाचलं तर बाद फेरीचे निकाल डोक्यावरून जातात.

लीगमध्ये बरोबरी ही गोष्ट आधीच उरली नव्हती, १९७७पासून पेनल्टीच्या जागी शूटआउट आला. ९० मिनिटांत निकाल नाही लागला तर जादा वेळ, तिथे पहिला गोल करणारा जिंकला. तोही नाही झाला तर शूटआउट. चेंडू गोलपासून ३५ यार्डांवर ठेवायचा. पंचाच्या शिट्टीनंतर खेळाडूकडे ५ सेकंद. त्याने चेंडू कितीही वेळा खेळवावा, गोलरक्षकाने हवं तितकं पुढे यावं. दोन्ही संघांना पाच-पाच संधी. ३५ यार्ड हा आकडा या लीगने आधीच मैदानावर आणलेला होता, कारण इथली ऑफसाइडची रेषाही मध्यरेषेऐवजी ३५ यार्डांवर होती.

यात चुका कुठे व्हायच्या? पेनल्टीची सवय असलेले युरोपीय खेळाडू एका जागी विचार करत राहायचे आणि सेकंद संपायचे. किंवा पहिलाच स्पर्श लांब पडला की गोलरक्षक चेंडूपर्यंत आधी पोचायचा. पहिला स्पर्श जोरात पण ताब्यातला, दुसरा दिशा बदलायला, तिसरा फटका, असं साधारण गणित बसवावं लागे.

बाद फेरीत आणखी एक गुंता होता, 'मिनीगेम'. दोन लेगमधल्या, म्हणजे घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांतल्या, गोलांची बेरीज होत नसे. एक लेग तुमचा, एक आमचा झाला की दुसऱ्या लेगनंतर त्याच रात्री ३० मिनिटांचा छोटा सामना. ऑगस्ट १९७८मध्ये मिनेसोटा किक्सने पहिल्या लेगमध्ये कॉसमॉसला ९-२ असं धुतलं, एकट्या अ‍ॅलन विलीचे ५ गोल. दोन दिवसांनी जायंट्स स्टेडियमवर कॉसमॉस ४-०. बेरीज केली तर मिनेसोटा ९-६ने पुढे. पण बेरीज नव्हतीच. मिनीगेम गोलशून्य, मग शूटआउट, आणि तिथे कार्लोस आल्बेर्तोने चेंडू पायावर हवेत खेळवत नेऊन गोल केला. दर सेकंद मोजला जात असताना बचावपटूने हे करावं! निर्णायक गोल बेकेनबाउरचा. त्या रात्री शूटआउट हुकला असता तर २१२ गुणांचा संघ उपांत्यपूर्व फेरीत घरी बसला असता.

पुढच्याच वर्षी हाच नियम अंगावर आला. १९७९ला साखळीत पुन्हा २४-६. व्हँकुव्हरमध्ये पहिला लेग ०-२ गमावला, घरचा लेग शूटआउटमध्ये जिंकला, मिनीगेम गेला शूटआउटमध्ये आणि तो गमावला. मला विचाराल तर १९७९चा संघ १९७८पेक्षा तगडा होता, योहान नीसकेन्स आलेला होता. पण कपाटात चषक नाही म्हणून त्याचं नाव कोणी घेत नाही.

सडेतोड

नोंदवहीताई, पेलेचे कॉसमॉससाठी नक्की गोल किती? एका ठिकाणी ३१, एका ठिकाणी ३७, कुठे साठच्या वर.

नोंदवही

तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. साखळी सामने: १९७५ला ९ सामन्यांत ५, १९७६ला २२मध्ये १३, १९७७ला २५मध्ये १३. एकूण ५६ सामने, ३१ गोल. बाद फेरीचे ८ सामने आणि ६ गोल मिळवले की ६४ सामने, ३७ गोल. साठच्या वरचा आकडा मैत्रीपूर्ण सामने धरून येतो, आणि कॉसमॉस ते सामने ढिगाने खेळायचे. क्लबची कामगिरी लिहिताना ३१ किंवा ३७ लिहा आणि कुठला धरला ते शेजारी लिहा.

खेळाडूंच्या 'पॉइंट्स'मध्येही लोक फसतात. गोलला २, असिस्टला (गोलसाठी दिलेल्या पासला) १ अशी ती बेरीज आहे. आघाडीवीर जॉर्जिओ किनालियाचे १९७८चे ७९ पॉइंट्स म्हणजे ७९ गोल नव्हेत, ३४ गोल आणि ११ असिस्ट. (३४ दुणे ६८, अधिक ११.) १९७६ला ४९ म्हणजे १९ गोल, ११ असिस्ट.

आणि एक मनापासून सांगते, कॉसमॉसच्या नोंदवहीत पहिलं नाव किनालियाचं हवं. साखळीत २१३ सामन्यांत १९३ गोल. बाद फेरी धरून २५४ सामन्यांत २४२. ऑगस्ट १९८०मध्ये टल्साविरुद्ध बाद फेरीत एका सामन्यात ७ गोल, निकाल ८-१. त्या एका बाद फेरीत मिळून १८. त्याच्यामागे व्लादिस्लाव बोगिचेविच चेंडू पुरवत असायचा, त्याचंही नाव विसरू नका.

गवताळ

पेलेच्या पहिल्या सामन्याची एक गोष्ट मैदानांच्या यादीला जोडून घ्या. १५ जून १९७५, डाउनिंग स्टेडियम, डॅलस टॉर्नेडोविरुद्ध २-२. सामना दूरचित्रवाणीवर जाणार होता आणि मैदानावर गवतापेक्षा माती जास्त. तेव्हा उघड्या मातीवर हिरवा रंग मारला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूला आणलं, पण पायाखाली मैदान नव्हतं. त्या हंगामात संघ बाद फेरीतही पोचला नाही, १० विजय आणि १२ पराभव. पेले आला आणि चषक आले, असा सरळ हिशेब लावणाऱ्यांनी ही ओळ वाचावी.

दुसरं, आपल्याकडचा सामना. २४ सप्टेंबर १९७७, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध कॉसमॉस, २-२. जपान आणि चीन करून संघ तिथे पोचला होता. पावसाने मैदान निसरडं झालेलं. कार्लोस आल्बेर्तोने कॉसमॉसला पुढे नेलं, मग श्याम थापा आणि महंमद हबीब यांनी बागानला २-१ केलं आणि किनालियाच्या पेनल्टीने बरोबरी झाली. बागानचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी, गोलमध्ये शिबाजी बॅनर्जी, आणि पेलेवर पहारा गौतम सरकारचा.

हा सामना अधिकृत आकड्यांत येत नाही, बरोबरच आहे. पण चार आठवड्यांपूर्वी लीगचं जेतेपद घेतलेला हा संघ होता, आणि एका आठवड्याने, १ ऑक्टोबरला, पेलेचा निरोपाचा सामना झाला. जायंट्स स्टेडियमवर पावसात, सांतोसविरुद्ध, एक अर्ध कॉसमॉसकडून, एक अर्ध सांतोसकडून. तिथला त्याचा गोल फ्री किकवरचा, आणि तोही ५६-३१मध्ये धरायचा नाही.

सडेतोड

धन्यवाद दोघांनाही. १९७७चा अंतिम सामना कसा गेला? तेव्हा साखळीत १५-११ म्हणजे काही फार भारी नव्हतं.

मधली फळी

भारी नव्हतंच. विभागात फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्स १९-७ आणि १६१ गुणांनी पुढे होते. बेकेनबाउर मे महिन्यात आला, कार्लोस आल्बेर्तो जुलैत, आणि मध्येच ब्रॅडलींच्या जागी एडी फिर्मानी प्रशिक्षक झाले. संघ खऱ्या अर्थाने ऑगस्टमध्ये बसला. १४ ऑगस्टला त्याच फोर्ट लॉडरडेलला ८-३ने हरवलं, प्रेक्षक ७७,६९१.

अंतिम सामना २८ ऑगस्ट, पोर्टलंडमध्ये, सिअ‍ॅटल साउंडर्सविरुद्ध २-१. पहिला गोल शिकण्यासारखा आहे. सिअ‍ॅटलचा गोलरक्षक टोनी चर्स्की याने चेंडू हातात घेतला आणि लाथाडण्यासाठी पुढे जमिनीवर घरंगळत सोडला. स्टीव्ह हंट त्याच्या पाठीमागे राहिला होता, हे त्याने पाहिलंच नाही. हंटने मागून येऊन चेंडू काढून घेतला आणि गोल केला. आक्रमण फसलं की बहुतेक आघाडीवीर मान खाली घालून परत फिरतात, हंट फिरला नाही. सिअ‍ॅटलने टॉमी ऑर्डकडून बरोबरी साधली, मग हंटच्या क्रॉसवर किनालियाचा हेडर.

बाकीचे झटपट: १९७२ सेंट लुईस स्टार्स २-१. १९७८ टँपा बे राउडीज ३-१, घरच्या मैदानावर ७४,९०१ लोकांसमोर, डेनिस ट्युअर्ट २ आणि किनालिया १. १९८० फोर्ट लॉडरडेल ३-०. १९८२ पुन्हा सिअ‍ॅटल, १-०, गोल पुन्हा किनालियाचा.

उभी रेघ

सगळं मान्य, पण लीग बुडवली ती कॉसमॉसनेच. त्यांच्या बरोबरीने पैसा ओतायला गेले आणि बाकीचे क्लब मेले. हे कामगिरीत कुठे लिहिणार?

मधली फळी

अर्धं बरोबर आहे. इतरांनी कॉसमॉसची नक्कल केली हे खरं. त्यांच्यामागे वॉर्नरसारखी कंपनी नव्हती आणि गर्दीही नव्हती. १९७८ला कॉसमॉसची घरची सरासरी ४७,८५६ होती, पण ती इतर कोणाच्या दारात आपोआप येणार नव्हती.

पण संघांची संख्या बघा. १९७७ला १८, एका हिवाळ्यात २४. नव्या मालकांकडून प्रवेशशुल्क घेतलं, ते क्लब टिकतील का हे पाहिलं नाही. १९८०नंतर एबीसी वाहिनीने नियमित प्रक्षेपण सोडलं. मग १९८१ला २१ संघ, १९८२ला १४, १९८३ला १२, १९८४ला ९. मे १९८३मध्ये १९८६चा विश्वचषक अमेरिकेऐवजी मेक्सिकोला गेला, ती शेवटची मोठी आशा होती. त्याच सुमारास वॉर्नरला अटारीच्या व्हिडिओ गेममध्ये जबर तोटा झाला आणि क्लबमागचा पैसा आटला. १९८४ला ताबा किनालियाकडे आला, आणि तो तेव्हा रोममध्ये लाझिओचाही अध्यक्ष होता. कॉसमॉसची सरासरी त्या वर्षी १२,८१७, साखळीत १३-११, बाद फेरी हुकली. मार्च १९८५मध्ये लीग थांबली.

सरासरी १९७७ला ३४,१४२, पुढच्या वर्षी ४७,८५६, आणि सहा वर्षांत १२,८१७. पेले तर १९७७लाच गेला होता. म्हणजे 'पेले गेला आणि गर्दी गेली' हेही या आकड्यांत बसत नाही. जिंकणारा संघ होता तोवर गर्दी होती.

उभी रेघ

पेलेचा मुद्दा पटला. विस्ताराचा दोष लीगचा, हेही मान्य. पगारांची चढाओढ मात्र कॉसमॉसपासून सुरू झाली, त्यावर मी ठाम आहे. १९९६ला मेजर लीग सॉकर सुरू करताना खेळाडूंचे करार क्लबांऐवजी लीगकडे ठेवले आणि पगारावर मर्यादा घातली, ती याच अनुभवातून.

मधली फळी

यावर सहमत.

हडसनकाठ

आता नव्या कॉसमॉसबद्दल. नाव २०१०मध्ये पुन्हा जाहीर झालं, मानद अध्यक्ष पेले. पहिला सामना ऑगस्ट २०११, ओल्ड ट्रॅफर्डवर पॉल स्कोल्सच्या गौरवाचा, ०-६. प्रत्यक्ष लीग ऑगस्ट २०१३मध्ये, हॉफस्ट्रावर. लीगचं नावही जुन्या लीगचंच घेतलेलं, पण ही दुसऱ्या दर्जाची स्पर्धा होती, हे आधी लिहून ठेवा.

त्यात तीन जेतेपदं. २०१३: अटलांटात १-०, मार्कोस सेनाची व्हॉली. २०१५: ओटावा फ्युरीवर ३-२, गास्तोन सेलेरिनोची हॅटट्रिक, राउल आणि सेना दोघांचाही शेवटचा सामना. २०१६: इंडी इलेव्हनविरुद्ध ०-० आणि पेनल्टीवर विजय. प्रशिक्षक जिओव्हानी सावारेसे. जून २०१५मध्ये हवानाला जाऊन क्युबाच्या राष्ट्रीय संघाला ४-१ हरवलं. यूएस ओपन कपमध्ये २०१४ला न्यूयॉर्क रेड बुल्सवर ३-०, आणि पुढे न्यूयॉर्क सिटीलाही बाहेर काढलं. दुसऱ्या दर्जाच्या क्लबने शहरातले दोन्ही वरच्या दर्जाचे संघ हरवले, हे मला तीन चषकांइतकंच मोठं वाटतं.

२०१७ला रोको कोमिसो मालक झाले, अंतिम सामना सॅन फ्रान्सिस्को डेल्टाजविरुद्ध ०-२ गमावला. अमेरिकन महासंघाने २०१८साठी लीगला दुसऱ्या दर्जाची मान्यता नाकारली आणि संघाला खेळायला स्पर्धाच उरली नाही. तिथे बढती-पदावनती नाही. मान्यता गेली की चांगला संघही रस्त्यावर. २०२०च्या शरद ऋतूत तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये थोडे सामने, मग २०२१च्या सुरुवातीला पुन्हा कुलूप.

माझ्या मते एकूण जेतेपदं ८ लिहावीत. नाव, चिन्ह, हक्क सगळं सलग आलेलं आहे.

नोंदवही

हडसनकाठ, माहिती अचूक, पण ८ला माझा विरोध. १९८२चा चषक देशातल्या सर्वोच्च स्पर्धेचा, २०१३चा दुसऱ्या दर्जाचा. बेरीज केली की दोन्ही खोटे पडतात. '५ (पहिला दर्जा) आणि ३ (दुसरा दर्जा)' असं लिहा. क्लब एकच माना, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

हडसनकाठ

तसं लिहिलं तर चालेल. दर्जा लिहिल्याशिवाय २०१५च्या संघालाही न्याय मिळत नाही, हे खरं.

जर्सीतल्या मंडळींसाठी: जुनं जायंट्स स्टेडियम २०१०मध्ये पाडलं. शेजारी मेटलाइफ स्टेडियम उभं आहे, २०२६च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ज्याला मिळाला ते. आणि क्लबचं पुढचं घर पॅटरसन. जुलै २०२५मध्ये जाहीर झालं की १९३२मध्ये बांधलेल्या हिंचलिफ स्टेडियमवरून २०२६ला यूएसएल लीग वन या तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये उतरायचं. कृष्णवर्णीय बेसबॉल संघांचं ते जुनं मैदान, डागडुजी करून पुन्हा उघडलेलं.

सडेतोड

एक शेवटचं. १९८१चा अंतिम सामना कुठे ०-१ दिसतो, कुठे ०-०.

नोंदवही

टोरांटोत शिकागो स्टिंगविरुद्ध ९० मिनिटं आणि जादा वेळ मिळून ०-०, शूटआउटमध्ये शिकागो जिंकले. शूटआउटच्या विजयाला लीग एक गोल जोडून निकाल १-० असा छापायची, म्हणून दोन आकडे. गोलांची बेरीज करताना तो एक गोल कोणाच्याच नावावर टाकायचा नाही.

माझ्या तक्त्यात ती ओळ '०-०, शूटआउटमध्ये पराभूत' अशी दुरुस्त करते. आणि खाली पॅटरसनसाठी एक रिकामी ओळ जोडते, दर्जाच्या रकान्यात ३ लिहून.